प्रौढांचे वर्ग: माना डोलावण्याच्या पुढे कसे जायचे?

मानखुर्द_लोकल (धागाकर्ती)

नमस्कार. मी एका पतसंस्थेच्या प्रशिक्षण विभागात काम करते. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमध्ये बचत गटांतील महिलांसाठी आर्थिक साक्षरतेची सत्रे घेणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. सत्राचा साचा ठरलेला आहे. समाजमंदिरात किंवा अंगणवाडीच्या खोलीत सतरंजी अंथरायची, समोर पडदा लावायचा, दोन तास सादरीकरण करायचे आणि शेवटी "काही शंका आहेत का?" असे विचारून शांतता ऐकायची. महिला मन लावून ऐकतात, माना डोलावतात, हजेरीपटावर सही किंवा अंगठा करतात आणि घरी जातात. काही महिन्यांनी त्याच वस्तीत गेले की भिशी पुन्हा बुडालेली असते आणि एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढण्याचा क्रम तसाच चालू असतो.

मध्यंतरी एका सत्रात मात्र निराळे घडले. पडद्यावर व्याजाची स्लाइड असताना मागे बसलेल्या एका बाईंनी पिशवीतून आपले हप्त्याचे कार्ड काढले आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचे ते राहू द्या, हे बारा टक्के म्हणजे नेमके किती ते यावरून सांगा." कर्ज २०,००० रुपयांचे, मुदत एक वर्षाची आणि व्याज १२ टक्के सरळ दराने, म्हणजे वर्षभर पूर्ण २०,००० रुपयांवरच. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. व्याज २,४०० रुपये आणि महिन्याचा हप्ता १,८६७ रुपयांच्या आसपास निघाला. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, तरीही फिटलेल्या मुद्दलावरचे व्याज आपण भरतच राहतो, ही गोष्ट मी सांगण्याआधी त्यांच्यातल्याच एकीने बोलून दाखवली. घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच, १२ टक्के धरले असते तर वर्षाचे व्याज १,३२५ रुपयांच्या घरात आले असते. आणि त्या हप्त्यावरून घटत्या शिलकीचा दर काढला तर तो साडेएकवीस टक्क्यांपर्यंत जातो. पाहता पाहता इतरजणींचीही कार्डे बाहेर आली. तेवढ्यात एकीने विचारले, "कर्ज माझ्या नावावर आहे, हप्ता मी भरते आणि पैसे दिरांनी घेतले. हे कोणत्या रकान्यात लिहायचे?" त्यानंतर जो गलका झाला तो मला आवरता आला नाही आणि आवरावा असे वाटलेही नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. असे सत्र योगायोगावर न सोडता ठरवून घडवता येते का? आणि ते घडवण्याचा मला अधिकार आहे का? कारण मी संध्याकाळची लोकल पकडून घरी जाते, त्या बाईंना मात्र त्याच घरात, त्याच दिरांसमोर राहायचे असते.

चिंचपोकळीकर

ताई, आपल्याकडे प्रशिक्षणाचे यश मोजण्याची पद्धत पक्की आहे. फलक सरळ लागला होता का, फोटोत सगळे मावले का आणि सामोसे पुरले का, एवढे तीन मुद्दे साधले की कार्यक्रम यशस्वी होतो. शिकणे हा चौथा मुद्दा असून तो वेळेअभावी पुढील बैठकीत घेतला जातो.

निवृत्त_प्राध्यापक

धागाकर्तीने जे वर्णन केले आहे, ते प्रौढशिक्षणाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. अमेरिकेतील जॅक मेझिरो यांनी मधल्या वयात पुन्हा महाविद्यालयात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये त्यावरून आपली मांडणी केली. त्यांच्या म्हणण्यानुसार मोठ्या माणसाच्या डोक्यात जग समजून घेण्याची चौकट आधीच तयार असते. नवी माहिती त्या चौकटीत बसली तर ती नुसती साठवली जाते. काही वेळा मात्र असा पेच समोर येतो की जुनी चौकट पुरत नाही, आणि तेव्हाच माणूस आपल्या गृहीतकांकडे मागे वळून पाहू लागतो. त्या बाईंचा दिरांविषयीचा प्रश्न हा तसा पेच आहे. "घरातली गरज म्हणजे माझी गरज" हे गृहीतक हिशेबाच्या रकान्यात बसेना.

परंतु मेझिरो पेचावर थांबत नाहीत, हे येथे महत्त्वाचे आहे. पेचानंतर आपल्यासारख्याच इतरांशी बोलणे, नव्या भूमिकेचा विचार करणे, त्यासाठी लागणारी माहिती व कौशल्य मिळवणे, ती भूमिका थोडी थोडी करून पाहणे आणि मग ती रोजच्या जगण्यात सामावून घेणे, असा लांबचा प्रवास त्यांनी सांगितला आहे. दोन तासांच्या सत्रात फार तर पहिले पाऊल पडते. ते पाडून आपण निघून आलो तर माणूस अधांतरी राहतो.

ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी एकतर्फी शिकवण्याला बँकेची उपमा दिली होती: शिक्षक ठेव भरणार आणि विद्यार्थ्याने ती मुकाट्याने जमा करून घ्यायची. पतसंस्थेतील व्यक्तीने हा धागा काढावा, ही गंमत मला आवडली.

आकडेमोड

प्राध्यापकसाहेबांविषयी आदर ठेवून थोडा खडा टाकतो. "परिवर्तन" झाले हे ओळखायचे कसे? गलका झाला, कार्डे बाहेर आली, बोलणाऱ्याला भरून आले, यांतील कशावरूनही शिकणे सिद्ध होत नाही.

निष्क्रिय ऐकण्याविरुद्धचा पुरावा भक्कम आहे, हे मी मान्य करतो. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काही करायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. पण हे पदवीचे विद्यार्थी होते आणि त्यांची परीक्षा होती. मानखुर्दच्या समाजमंदिराला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही.

आणखी एक गोष्ट या धाग्याला जास्त लागू पडते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील २०१९ च्या अभ्यासात असे दिसले की स्वतः धडपड करून शिकलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात अधिक आले, पण त्यांना स्वतःला वाटले मात्र की आपण कमी शिकलो. छान, ओघवते व्याख्यान ऐकलेल्यांना उलट वाटले. म्हणजे सत्र संपताना आपण जो हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा अभिप्राय अर्ज भरून घेतो, तो आपल्याला नेमका चुकीच्या दिशेने नेऊ शकतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण चार पायऱ्यांवर तपासावे असे सुचवले होते: आवडले का, समजले का, वागणे बदलले का आणि त्यातून काही निष्पन्न झाले का. आपली बहुतेक कार्यालये पहिल्या पायरीवरच चहा घेऊन परततात.

वीजतंत्री

मी लिफ्ट दुरुस्तीच्या क्षेत्रात आहे आणि नव्या मुलांना तयार करतो. येथे सगळेच एकतर्फी शिकवण्याला नावे ठेवत आहेत म्हणून लिहितो. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे, "काम चालू आहे" अशी पाटी अडकवायची, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची आणि विद्युतप्रवाह नाही याची टेस्टरने खात्री केल्यावरच हात घालायचा. यावर चर्चा नाही, मतभेद नाहीत आणि गटकार्यही नाही. मी सांगतो, तो ऐकतो, माझ्यासमोर करून दाखवतो आणि पुन्हा करून दाखवतो. प्रत्येक गोष्टीत शिकणाऱ्याने आपली वाट शोधावी असे म्हणाल तर आमच्याकडे ती वाट थेट केईएम रुग्णालयात जाते.

रातराणी

वीजतंत्रीदादा, तुमचे पटले. पण "माझ्यासमोर करून दाखवतो" हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. तो भाग निष्क्रिय नाहीच.

मी परळ भागातील एका रात्रशाळेत शिकवते. संध्याकाळी साडेसहानंतर वर्ग भरतो आणि माझ्यासमोर उपाहारगृहात काम करणारी मुले, कार्यालयांतील शिपाई, कुरिअरवाले आणि संसार सांभाळून आलेल्या दोन-तीन गृहिणी बसलेल्या असतात. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, त्या परंपरेचे आम्ही टोक आहोत असे भाषणांत सांगितले जाते. प्रत्यक्षात माझे विद्यार्थी सकाळी सहापासून उभे असतात. मी उत्साहाने म्हणते, "नागरिकशास्त्राचा हा धडा तुमच्या वस्तीशी जोडून पाहू या," आणि समोरून उत्तर येते, "मॅडम, परीक्षेला येईल तेवढेच सांगा." त्यांना दहावीचे प्रमाणपत्र हवे आहे, कारण बढती त्यावर अडली आहे. त्यांच्या डोक्यातील चौकट बदलण्याची घाई मला आहे, त्यांना नाही.

म्हणून निष्क्रियतेचे खापर शिकणाऱ्यांवर फोडू नये आणि शिकवणाऱ्यावरही लगेच फोडू नये. दिवसभर ज्याला फक्त "हो साहेब" म्हणावे लागते, तो रात्री वर्गात आल्यावर एकदम "मला असे वाटते की" कसे म्हणेल? ती सवय लागायला माझ्या वर्गात सहा-आठ महिने जातात, आणि तोवर परीक्षा आलेली असते.

बीकेसी_बस

आमच्या कार्यालयात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे प्रशिक्षण दरवर्षी संगणकावर होते. चाळीस स्लाइड असतात. "पुढे" हे बटण काही सेकंद करडे राहते आणि मग निळे होते. ते निळे होण्याची वाट पाहत लोक दुसऱ्या पडद्यावर काम करतात. शेवटच्या चाचणीत शंका आली तर "वरीलपैकी सर्व" निवडावे, हे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे निष्ठेने दिले जाते.

एका वर्षी मात्र बाहेरून आलेल्या प्रशिक्षिकेने स्लाइड लावल्याच नाहीत. तिने एक प्रसंग वाचून दाखवला. वरिष्ठ रोज रात्री उशिरा हाताखालच्या मुलीला कामाचे निरोप पाठवतात आणि शेवटी एखादे हसरे चिन्ह टाकतात. मग तिने आम्हाला खोलीच्या दोन टोकांना उभे राहायला सांगितले: ज्यांना हे गैर वाटते ते खिडकीकडे, ज्यांना वाटत नाही ते दाराकडे. माझ्याच विभागातील माणसे दोन टोकांना उभी राहिलेली पाहून जो तास रंगला, तो अजून जेवणाच्या सुट्टीत निघतो. दाराकडचे दोघे मधेच चालत खिडकीकडे आले. एक गृहस्थ मात्र शेवटपर्यंत दारातच राहिले, कारण त्यांना ७.०५ ची गाडी पकडायची होती.

लालबागचा_भाचा

येथे सर्वजण अमेरिका आणि ब्राझीलला जाऊन आले, म्हणून थोडे गिरणगावात या. माझे वडील गिरणीत मागावर होते. आमच्या चाळीत रात्रपाळी नसलेल्या दिवशी एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे आणि बाकीचे मधेच अडवून वाद घालत. वाचणाऱ्यापेक्षा अडवणाऱ्यांना अधिक कळत असे. अण्णाभाऊ साठे यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. या शहराने आणि कामगार चळवळीने त्यांना घडवले, हे मुंबईत कोणाला वेगळे सांगायला नको.

पण मी या आठवणींना सोन्याचा मुलामा देणार नाही. चळवळीतील मोठे अभ्यासवर्ग पुष्कळदा तुमच्या सादरीकरणासारखेच असत. व्यासपीठावर विचारवंत, समोर कामगार, आणि प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले. "जागृती" या शब्दाखाली पढवणेच चालत असे, ही वडिलांची तक्रार होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. नंतर कधीतरी "नवे कौशल्य शिका" अशा शिबिराला वडील गेले होते. तेथे मुलाखतीला कसे बसावे, हस्तांदोलन कसे करावे, हे पन्नाशी उलटलेल्या माणसांना शिकवले गेले. ते घरी येऊन एवढेच म्हणाले की, नोकरी कुठे आहे ते सोडून बाकी सगळे सांगितले. तेव्हा ताई, विचार बदलण्याआधी परिस्थितीत हलायला जागा आहे का, तेही पाहा. साडेएकवीस टक्के कळले, पण बारा टक्क्यांनी देणारा कोणीच नसेल तर कळून उपयोग काय?

मानखुर्द_लोकल (धागाकर्ती)

लालबागचा भाचा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला दोन दिवस सोडले नाही. बारा टक्क्यांनी देणारा कोणी नाही असे मात्र नाही. गटाची स्वतःची अंतर्गत बचत असते आणि तिच्यातून सभासदांना कर्ज देता येते. पण गटाच्या पैशाला हात लावायचा नाही आणि बाहेरून कर्ज घ्यायचे, अशी रीत पडली आहे. विचारले तर उत्तर येते की गटाचे पैसे अडचणीसाठी आहेत. मुलीची फी भरणे ही अडचण नाही का, असे मी विचारू शकते. मात्र ते मी विचारले तर पुन्हा मीच उत्तर पढवल्यासारखे होईल, असे आता वाटू लागले आहे.

अर्धी_वकील

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत महिलांना सल्ला देण्याचे काम करते, म्हणून धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलते. बाकी मंडळी त्याला अलगद वळसा घालून गेली आहेत.

"पैसे कोणी घेतले" हा प्रश्न भरल्या खोलीत विचारू नका. त्या खोलीत तिची जाऊ बसलेली असू शकते, शेजारीण असते, कर्ज मिळवून देणारी गटप्रमुखही असते. सत्रातील वाक्य रात्री नऊपर्यंत घरी पोहोचते. त्याऐवजी एका काल्पनिक घराचा हिशेब मांडा, त्या घरात कर्ज एकाच्या नावावर आणि खर्च दुसऱ्याचा असू द्या आणि गटाला त्या घराविषयी बोलू द्या. ज्या बाईला आपले घर त्यात दिसायचे ते दिसते आणि तिला ते उघड करावे लागत नाही. कोणी नंतर थांबून बोलू पाहत असेल तर तिच्यासाठी वेळ राखून ठेवा. तुमच्या सोबत दुसरी व्यक्ती असू द्या. १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक आणि त्या भागातील, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता तुमच्या वहीत आधीपासून असला पाहिजे. २००५ च्या कायद्यानुसार आर्थिक छळ हाही कौटुंबिक हिंसाचारातच मोडतो, हे पुष्कळ प्रशिक्षकांनाच ठाऊक नसते.

अधिकाराविषयी विचारलेत. तुम्हाला कोणाला बदलण्याचा अधिकार नाही असे मी म्हणेन, पण माहिती लपवण्याचाही नाही. किती पुढे जायचे ते तिने ठरवायचे आणि तिने "आज एवढेच" म्हटले तर तेथे थांबायचे.

निवृत्त_प्राध्यापक

अर्धी वकील यांनी लिहिलेले मला माझ्या पहिल्या प्रतिसादापेक्षा अधिक उपयोगी वाटते. काल्पनिक घराच्या युक्तीला जुना आधार आहे. फ्रेरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलच्या अँजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना साधारण ४० तासांत लिहिण्या-वाचण्यापर्यंत नेले, त्याआधी त्यांच्या चमूने लोकांच्या बोलण्यातील शब्द गोळा केले होते. मग त्यांच्या जगण्यातील प्रसंगांची चित्रे समोर ठेवली आणि लोक त्या चित्राविषयी, म्हणजे थोड्या अंतरावरून स्वतःविषयी, बोलू लागले. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरे तुरुंगात गेले. अशा शिकण्याची भीती कोणाला वाटते हेही त्यावरून कळते.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमात साक्षरता, व्यवहारोपयोगी कौशल्य आणि जाणीवजागृती अशी तीन अंगे होती. प्रत्यक्षात मोजणी पहिल्याच अंगाची झाली, कारण ते मोजायला सोपे होते.

शिकवणारा कोण असावा, याविषयीही एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना मतदार नोंदणीसाठी वाचता यावे म्हणून १९५७ मध्ये जॉन्स बेटावर वर्ग सुरू झाला. टेनेसीतील हायलँडर या प्रौढांच्या शाळेने तो उभा केला होता. पहिल्या शिक्षिका बर्निस रॉबिन्सन या व्यवसायाने केशभूषाकार होत्या आणि अध्यापनाचा अनुभव नसणे हीच त्यांची पात्रता मानली गेली. त्यांनी आलेल्या लोकांना विचारले की तुम्हाला काय शिकायचे आहे. कोणाला मागणीपत्र भरायचे होते, कोणाला दूर राहणाऱ्या मुलाचे पत्र वाचायचे होते. अभ्यासक्रम त्यातून तयार झाला.

शिवाजीपार्क_संध्याकाळ

व्याख्यानाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे, म्हणून मी बोलतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि मुंबईतही दादर, गिरगाव, पार्ले येथे पिढ्यानपिढ्या लोक व्याख्याने ऐकत आले आहेत. ऐकणारा गप्प बसला आहे म्हणून तो निष्क्रिय आहे, हे गृहीतक मला मान्य नाही. चांगला वक्ता श्रोत्याला आतून वाद घालायला लावतो. घरी जाताना दादर स्थानकाच्या पुलावर जे बोलणे होते, ते कोणत्याही गटचर्चेच्या तोडीचे असते. गटचर्चेत मात्र तीन माणसे बोलतात आणि उरलेली सतरंजीचे दोरे मोजतात.

रातराणी

काका, पुलावर बोलायला सोबती असतो म्हणून तो वाद होतो. सोबतीशिवाय आलेल्या बाईला घरी जाऊन आधी भात टाकायचा असतो. मग व्याख्यानाच्या शेवटी पुलाइतका वेळ सभागृहातच का ठेवू नये? वक्त्याने अर्धा तास आधी थांबावे, एवढीच मागणी आहे. मराठी वक्त्यासाठी ती फार मोठी आहे, याची मला कल्पना आहे.

चेंबूर_चाळ

धाग्यात सगळे आले, पाणी आले नाही. मी वस्तीत आरोग्याचे काम केले आहे. ज्या वेळी नळाला पाणी येते त्या वेळी ठेवलेले कोणतेही सत्र निष्क्रियच होते, कारण शरीर सतरंजीवर आणि लक्ष हंड्याकडे असते. तुमची सत्रे तुमच्या कार्यालयाच्या सोयीने दुपारी तीनला असतात का? वेळ आणि जागा बायकांनाच ठरवू द्या. आमच्याकडे त्यांनी शाळेच्या फाटकाबाहेर, मुले सुटण्याआधीची पाऊण तासाची वेळ निवडली होती. आमच्यापैकी कोणालाही ती सुचली नसती. शिकण्यावरचा ताबा सोडण्याची सुरुवात तेथून होते.

बँकेतले_काका

थोडी कामाची माहिती देतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार बँका व वित्तीय कंपन्यांना सूक्ष्मवित्त कर्ज देताना कर्जदाराला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावे लागते आणि त्यात वर्षाचा खरा, सर्व आकार धरून येणारा दर लिहावा लागतो. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या विनातारण कर्जांना हे लागू आहे आणि कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत अशीही मर्यादा आहे. खासगी सावकाराला किंवा भिशीला हे लागू नाही. म्हणून पहिल्या सत्रात हातातील कार्ड कोणत्या प्रकारच्या कर्जाचे आहे, हे प्रत्येकीने स्वतः ओळखावे. दुसऱ्या सत्रापर्यंत ते पत्रक मागून आणावे. मागताना समोरचा काय म्हणाला, ते सांगण्यातच तुमचे दुसरे सत्र संपेल, असा माझा अंदाज आहे.

आकडेमोड

काकांनी माझी अडचण सोडवली. पत्रक मागितले का, मिळाले का, पुढचे कर्ज घेण्याआधी दोन ठिकाणचे दर विचारले का, गटाच्या बचतीतून किती कर्जे दिली गेली: या गोष्टी मोजता येतात आणि त्यासाठी कोणाच्या अंतःकरणात डोकावावे लागत नाही. मात्र एखादीने सगळे समजून घेऊनही तेच महाग कर्ज पुन्हा घेतले, तर तिला "अपयश" या रकान्यात टाकू नका. हप्ता घ्यायला दारात येणारा माणूस तिला परवडत असेल आणि बँकेत जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नसेल.

मानखुर्द_लोकल (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. कार्यालयापुढे मांडायचा प्रस्ताव या चर्चेतून तयार झाला आहे आणि तो येथे ठेवते. एका वस्तीत एकच मोठे सत्र घेण्याऐवजी बारा-पंधराजणींच्या गटाबरोबर महिन्याच्या अंतराने चार बैठका घ्याव्यात. वेळ त्यांनी ठरवावी. पहिल्या बैठकीत पडदा नसेल, फक्त त्यांची कार्डे आणि फळा असेल. दुसरी बैठक माहितीपत्रकांची. तिसरीत काल्पनिक घराचा हिशेब. त्या वेळी समुपदेशनाचा अनुभव असलेली सहकारी सोबत असेल. चौथी बैठक गटातीलच दोघींनी चालवावी आणि मी मागे बसावे. व्याजाचे गणित मात्र मी वीजतंत्रीदादांच्या पद्धतीनेच शिकवणार आहे: मी करून दाखवणार, मग प्रत्येकीने माझ्यासमोर स्वतःच्या आकड्यांवर करायचे.

अडचण एकच उरली. यामुळे माझी तिमाहीतील लाभार्थी संख्या निम्म्याहून खाली येईल. साहेबांचे पहिले वाक्य मला आत्ताच ऐकू येत आहे.

बीकेसी_बस

साहेबांना खिडकी आणि दार दाखवा, कुठे उभे राहतात ते कळेल.

लालबागचा_भाचा

प्रस्ताव चांगला आहे, एका मुद्द्यावर अजून भांडतो. चौथ्या बैठकीनंतर काय? दोघी गट चालवू लागल्या आणि त्यांनी तुमच्याच पतसंस्थेचा व्याजदर फळ्यावर मांडला, तर तुमचे कार्यालय मागे बसून ऐकेल का? हे आधीच लेखी ठरवून घ्या. शिकलेली माणसे सोयीचेच प्रश्न विचारतील असा भरवसा कोणी ठेवू नये.

मानखुर्द_लोकल (धागाकर्ती)

आमचा दर घटत्या शिलकीवर आहे, पण प्रक्रिया शुल्क आणि विमा धरल्यावर तो किती होतो, हे मी स्वतः कधी मांडून पाहिलेले नाही. प्रस्ताव देण्याआधी ते करते.

बँकेतले_काका

त्यासाठी कोष्टक माझ्याकडे मराठीत तयार आहे. सुरुवातीला कापून घेतलेले शुल्क मुद्दलातून वजा करून दर काढायचा असतो, तेथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. निरोपात आपला ईमेल कळवा, रात्री पाठवतो. पहिल्या बैठकीला फळ्याजवळ दुसरा माणूस हवा असेल तर शनिवारी मी मोकळा आहे. गोवंडीला उतरून किती चालावे लागते तेवढे लिहा.